परिणामपरीक्षेचा अधिकार

धोरण आखणे हे शासनाचे काम आहे, याविषयी कोणाचा वाद नाही. परंतु आखलेल्या धोरणाचे पुढे झाले काय, ज्यांचे हित व्हावयाचे होते त्यांचे हित झाले की अहित, हे पाहण्याचे काम कोणाचे, असा प्रश्न केला तर भलेभले अडखळतात. खातेप्रमुख आपल्या वार्षिक अहवालाकडे बोट दाखवतील. विधिमंडळाचे सभासद प्रश्नोत्तरांच्या तासाकडे. दोन्ही साधने उपयुक्त आहेत. तथापि खात्याचा अहवाल हे खात्याने स्वतःविषयी लिहिलेले प्रशस्तिपत्र असते, आणि तासाभरात विचारलेल्या प्रश्नाला गावागावांतून हिंडता येत नाही. अलीकडे या कामाला ‘परिणाम-मूल्यमापन’ असे भारदस्त नाव मिळाले असून ते परदेशातून आलेले शास्त्र आहे, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः आपल्याच दख्खनच्या पठारावर या गोष्टीचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ एका फसलेल्या कायद्यापासून होतो.

हा कायदा १८५९ सालचा, दाव्यांच्या मुदतीसंबंधीचा. कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत त्याने सामान्यतः तीन वर्षे ठरविली. व्याजाचे डोंगर वर्षानुवर्षे साचू नयेत, हा हेतू स्तुत्यच म्हटला पाहिजे. प्रत्यक्षात झाले ते उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि एकूण रकमेचा नवा रोखा लिहवून घेई. कालचे व्याज आज मुद्दल झाले, म्हणजे त्यावर पुन्हा व्याज. लिहिता-वाचता न येणारा कुणबी रोख्यावर नांगराची निशाणी करून घरी परते, आणि दर तीन वर्षांनी हाच विधी पुन्हा होई. सोळा वर्षे हे चालले. मध्यंतरी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, १८६५ नंतर ते कोसळले, आणि साऱ्याची फेरआकारणीही याच सुमारास सुरू झाली. पण १८५९ चा कायदा ज्याच्यासाठी केला त्याच्याच गळ्याला लागला आहे, हे पाहण्याचे कर्तव्य कोणत्याही अधिकाऱ्यावर नव्हते. म्हणून ते कोणी पाहिले नाही.

शेवटी ते लोकांनीच दाखवून दिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला आणि त्याने रोखे व वह्या हस्तगत करून जाळल्या. पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील अनेक गावी त्याचे लोण पसरले. या दंग्यांत माणसांना इजा फारशी झाली नाही; लोकांचा रोष होता तो कागदावर. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने रोख्यांच्या नूतनीकरणाची ही रीत, दिवाणी कोर्टांतून प्रतिवादी हजर नसताना होणारे एकतर्फी हुकूमनामे, आणि त्यांवरून निघणाऱ्या जप्त्या यांचा तपशील उजेडात आणला. मात्र सरकारचा सारा हे या असंतोषाचे मूळ नव्हे, असाही निर्वाळा त्याने दिला. या निर्वाळ्याकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल.

आयोगाच्या अहवालातून १८७९ चा सतरावा कायदा जन्माला आला. ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ हे त्याचे नाव, आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्याचे प्रथम क्षेत्र. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता न्यायाधीशाने व्यवहाराचा मुळापासून शोध घ्यावा, मुद्दल व व्याज यांचे हिशेब निराळे मांडावेत, साचलेले व्याज मुद्दलात धरू नये, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करू नये, अशी त्यातील मुख्य कलमे. सावकाराने लेखी पावती दिली पाहिजे, हेही कायद्यानेच सांगावे लागले. यांतील कर्जमुक्तीच्या कलमांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष वेधले जाते ते या कायद्याच्या सातव्या प्रकरणाकडे, ज्याची चर्चा फारशी होत नाही.

हे प्रकरण देखरेख व फेरतपासणी यांविषयीचे होते. या कायद्याखालील बहुतेक दाव्यांत अपिलाची सोय काढून टाकलेली होती, कारण अपिलाचा खर्च कुळालाच बुडवी. अपील नाही, तर खालच्या न्यायाधीशाने कायदा नीट पाळला की नाही हे कळावे कसे? त्याचे उत्तर कायद्यानेच दिले : दाव्यांची दप्तरे मागवून तपासण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशास, आणि त्याच्या जागी हेच काम करण्यासाठी एक खास न्यायाधीश नेमण्याची मुभा. पक्षकाराने तक्रार करावी, मग पाहू, ही पद्धत येथे बाजूला ठेवली होती. तपासणाऱ्याने आपण होऊन कोर्टोकोर्टी जावे, कागद पाहावेत, न्याय चुकला असेल तेथे तो दुरुस्त करावा, आणि एकंदर अंमलाविषयी सरकारला दरसाल लिहावे. धोरणाच्या पोटातच त्याचा परीक्षक बसविण्याचे आपल्याकडील हे एक आद्य उदाहरण होय.

डॉ. पोलन हे या जागेवरील पहिले खास न्यायाधीश. त्यांच्या हाताखाली १८८१ साली साहाय्यक म्हणून आले महादेव गोविंद रानडे. यात एक गंमत आहे. सार्वजनिक सभेच्या द्वारा सरकारच्या महसुली धोरणावर अभ्यासपूर्ण टीका करणाऱ्या या न्यायाधीशाला दोन-तीन वर्षांपूर्वीच पुण्याहून नाशिकला आणि तेथून धुळ्याला बदलून पाठविण्यात आले होते. फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत संशयाची नजरही त्यांच्यावर होती. त्याच सरकारने त्यांच्याकडे सरकारच्याच कायद्याची तपासणी सोपविली. १८८७ मध्ये रानडे स्वतः खास न्यायाधीश झाले आणि १८९३ साली उच्च न्यायालयात जाईपर्यंत त्या जागेवर राहिले.

शासनसेवेतल्या माणसाला येथे थोडे थांबावेसे वाटते. दप्तरतपासणी हे आमच्या धंद्यातील सर्वांत नीरस काम समजले जाते. नोंदवही आहे का, शिक्का आहे का, तारीख बरोबर आहे का, एवढे पाहिले की तपासणी झाली. या कायद्याने तपासणाऱ्याला जो प्रश्न विचारावयास लावला तो निराळा होता : न्यायाधीशाने या कर्जाचा उगम शोधला काय? म्हणजे नोंद बिनचूक असूनही काम चुकलेले असू शकते, हे त्यात गृहीत धरलेले होते. आजच्या तपासणीच्या नमुन्यांत या प्रश्नासाठी रकाना क्वचितच आढळतो.

१८९१ मध्ये या कायद्याच्या परिणामांची चौकशी करण्यास एक आयोगच नेमण्यात आला. हा प्रयोग इतर प्रांतांत न्यावा काय, हा प्रश्न सरकारपुढे होता. कायद्याला वळसा घालण्याच्या वाटा एव्हाना निघाल्या होत्या. गहाणाच्या दाव्यात न्यायाधीश हिशेब खोदून काढतो, हे ध्यानात येताच सावकार गहाणखताऐवजी उघड खरेदीखतच लिहून घेऊ लागले. पैसे फिटले तर जमीन परत, हा करार तोंडी. कागदावर मात्र विक्री. अडचणीच्या काळी पैसा हवा, म्हणून कूळही त्याला राजी. संरक्षणासाठी केलेल्या कायद्यामुळे जमीन गहाण पडण्याऐवजी विकली जाऊ लागावी, हा परिणाम घरी बसून कोणाच्या लक्षात आला नसता. १८९५ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पुढे त्यात दहा-अ हे कलम आले, त्याने कागदाचे रूप काहीही असले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. १९०५ मध्ये कायद्याची व्याप्ती इलाख्यातील इतर जिल्ह्यांपर्यंत गेली.

आता त्या निर्वाळ्याकडे वळू. ही सारी परीक्षा सावकाराच्या वहीपुरती होती. सरकारी साऱ्याचा हप्ता पीक आले वा बुडाले तरी ठरल्या तारखेला भरावा लागे आणि तो भरण्यासाठी शेतकरी सावकाराचा उंबरठा चढे, ही गोष्ट खास न्यायाधीशाच्या अधिकाराबाहेर होती. रानड्यांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्या जागेवर बसला, तरी न्यायाधीश म्हणून त्यांना सावकाराचा आकडा बदलता येई, सरकारचा येत नसे. परीक्षकाला कायद्याने जागा दिली, पण काय पाहू नये हेही त्या कायद्याच्या आखणीनेच ठरविले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. कालव्यांचे लाभ केवळ पाणीपट्टीच्या उत्पन्नाने न मोजता, कालव्याखालचा शेतकरी व कोरडवाहू शेतकरी यांच्या संसाराची तुलना करून मोजावेत, हे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील अभ्यासात दाखविले. तो ग्रंथ १९४८ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. चार वर्षांनी, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात पंचावन्न सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले आणि त्याच महिन्यात नियोजन मंडळात कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. तिचे पहिले संचालक पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे. योजना राबविणाऱ्या प्रशासनापासून ही संघटना मुद्दाम वेगळी ठेवली होती. तिचे अधिकारी प्रकल्पक्षेत्रात राहून पाहत आणि तिचे वार्षिक अहवाल छापले जात. रस्ते व विहिरी यांचे आकडे भरत आहेत, पण लोकांचा पुढाकार दिसत नाही, आणि लाभ सधनांकडे अधिक जातो आहे, असे ते अहवाल स्पष्ट सांगत. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने विकासाचे काम निवडलेल्या संस्थांच्या हाती द्यावे असे सुचविले, त्यामागे ही भूमी तयार झालेली होती.

परंतु या संघटनेला कायद्याचा आधार नव्हता. ती शासकीय निर्णयाने जन्मली होती. तिच्या अहवालाला मंत्रालयाने उत्तर दिलेच पाहिजे, असे कोठे लिहिलेले नव्हते. महालेखापरीक्षकांची गोष्ट वेगळी : त्यांचे पद राज्यघटनेने निर्माण केले आहे, आणि त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवलेच पाहिजेत असे १५१ वे कलम सांगते. २०१३ साली केंद्राने एक स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय उघडले, तेही निर्णयानेच. २०१५ मध्ये ते आणि जुनी संघटना ही दोन्ही नीती आयोगाच्या नव्या कार्यालयात विलीन झाली. त्यासाठी संसदेत एका शब्दाची चर्चा आवश्यक नव्हती.

कायद्याची वाट पुन्हा धरली ती ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने. त्याच्या सतराव्या कलमाने ग्रामसभेला कामांच्या सामाजिक अंकेक्षणाचे काम दिले. म्हणजे हजेरीपट गावासमोर वाचला जावा आणि ज्याचे नाव त्यात आहे त्यानेच सांगावे, मी कामावर होतो की नव्हतो. मेघालयाने २०१७ मध्ये सामाजिक अंकेक्षणासाठी स्वतंत्र कायदाच केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तर आधीच पाहण्याचा दंडक घातला : जमीन घेण्यापूर्वी त्याचा सामाजिक परिणाम तपासावा, जनसुनावणी घ्यावी आणि तो अहवाल तज्ज्ञांच्या गटापुढे ठेवावा.

३१ डिसेंबर २०१४ रोजी निघालेल्या वटहुकुमाने संरक्षण, औद्योगिक पट्टे, स्वस्त घरे, पायाभूत सुविधा इत्यादी प्रकल्पांना या तपासणीतून सूट देण्याचा अधिकार सरकारला दिला. तो वटहुकूम पुढे बारगळला; परंतु गुजरातने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये तशीच तरतूद आपापल्या दुरुस्त्यांनी कायद्यात आणली. योगायोग असा की, या नव्या कलमाचाही क्रमांक दहा-अ आहे. जुन्या दहा-अ ने न्यायाधीशाला कागदामागे पाहण्याचा अधिकार दिला होता. नव्या दहा-अ ने शासनाला न पाहण्याचा दिला.