वादी : एक समुद्री कासव

१९९५ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या एका फेडरल कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी म्हणून नावं होती लॉगरहेड कासव आणि हिरवं समुद्री कासव. त्यांच्यासोबत त्याच भागात राहणाऱ्या दोन बायका. प्रतिवादी व्हॉलुशिया काउंटी, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण जिल्हा परिषद. तक्रारी दोन : काउंटी समुद्राच्या वाळूवर गाड्या चालवू देते, आणि किनाऱ्यालगतच्या घरांचे-हॉटेलांचे दिवे वाळूवर पडू देते.

कासव कोर्टात कसं जाईल, हा प्रश्न निदान आपल्याला पडायला नको. आपल्याकडे देवाच्या नावानं जमिनीचे खटले चालतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

व्हॉलुशियातच डेटोना बीच आहे. तिथली वाळू इतकी घट्ट की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिच्यावर मोटारींच्या शर्यती लागायच्या. गाडी थेट पाण्यापर्यंत नेणं हा तिथे जवळजवळ जन्मसिद्ध हक्क. तरीही गाड्यांचा प्रश्न त्यामानानं सोपा निघाला. अंड्यांच्या हंगामात रात्री वाळूवर गाड्या नकोत, असा मनाई हुकूम कोर्टानं त्याच वर्षी दिला. अडकलं ते दिव्यांपाशी.

कासवाची पिल्लं बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावत सुटतात. लाखो वर्षं हा हिशेब बरोबर होता. समुद्रावर आकाशाचा उजेड परावर्तित होतो आणि मागच्या वाळूच्या टेकड्या काळ्या दिसतात, त्यामुळे उजेड म्हणजे पाणी. मग किनाऱ्याला समांतर रस्ता आला, रस्त्याला दिवे आले आणि पिल्लं उलटी चालू लागली. रस्त्याच्या दिव्यांमुळे लॉगरहेडची पिल्लं भरकटतात, हे १९६३ सालीच एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं होतं. वाट चुकलेलं पिल्लू पहाटेपर्यंत खेकड्याच्या तावडीत सापडतं, टायरखाली जातं, नाहीतर सूर्य वर आल्यावर वाळून मरतं.

किनाऱ्याचे कायदे तोवर अंतराची भाषा बोलत होते : भरतीच्या रेषेपासून इतके फूट सोडा आणि मग बांधा. वादळापासून घर वाचवायला हे ठीक आहे. पण उजेड कुठली रेषा मानतो? १९८५ साली व्हॉलुशियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या ब्रेव्हार्ड काउंटीनं (जिथून अवकाशयानं सुटतात तीच) किनाऱ्यावरच्या दिव्यांसाठी वेगळा नियम केला. १९९३ मध्ये फ्लोरिडा राज्यानं स्थानिक संस्थांसाठी एक नमुना नियमावली काढली. अंड्यांच्या हंगामात दिवा किंवा त्याचा चकाकणारा भाग वाळूवर उभं राहिल्यावर थेट दिसता कामा नये, हे तिचं सूत्र. खिडकीची काचसुद्धा गडद हवी, आतला ४५ टक्क्यांपेक्षा जास्त उजेड तिनं बाहेर सोडायचा नाही. पुढच्या अभ्यासांतून दिव्याच्या रंगाचंही महत्त्व पक्कं झालं. पांढऱ्या-निळ्या उजेडापेक्षा पिवळा-नारिंगी उजेड पिल्लांना कमी भुलवतो.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर मला हा नियम फार आवडतो. तो किती वॅट, किती उंच खांब, किती मीटर असं विचारत बसत नाही. रात्री वाळूवर जा, वळून बघा, दिवा दिसला तर नापास. टेस्ट केस लिहावी तर अशी. शिवाय ती कासवाच्या जागी उभं राहून लिहिलेली आहे. याला विरोध झाला तो अंधाराच्या भीतीपोटी, आणि ती भीती मी खोटी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाला जिना दिसायला हवा. पण दिवा खाली वळवून, वरून झाकूनही जिना दिसतो. समुद्र उजळवायची गरज त्याला नसते.

व्हॉलुशियातही दिव्यांचे नियम होते. गोची हद्दीची होती. किनाऱ्यावरच्या काही शहरांच्या नगरपालिका वेगळ्या, त्यामुळे तिथले दिवे आमच्या अखत्यारीत नाहीत, असं काउंटीचं म्हणणं. १९९८ मध्ये अपील कोर्टानं ते मानलं नाही. किमान नियम काउंटी ठरवते, तेव्हा त्या शहरांतल्या दिव्यांबद्दलही कासवांना तिच्यावर दावा लावता येतो, असं ते म्हणालं. शिवाय गाड्यांसाठी काउंटीला केंद्राकडून मिळालेला परवाना दिव्यांना लागू होत नाही, हेही स्पष्ट केलं. एका तिसऱ्या जातीच्या कासवाला, लेदरबॅकला, वादी म्हणून आत घ्यायची परवानगीही मिळाली.

मग खटला खालच्या कोर्टात परत आला आणि २००० साली कासवं हरली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : दिवे लावतात घरमालक. काउंटी तर त्यांना मनाई करते. मनाई मोडणाऱ्याच्या गुन्ह्याचं खापर मनाई करणाऱ्यावर कसं फोडायचं? तर्क बिनतोड आहे, पण मला तो पचत नाही. नियम लिहून कागदावर ठेवायचा आणि रात्री किनाऱ्यावर फिरून दिवे मोजायचे नाहीत, तर त्या नियमाचा पिल्लाला काय उपयोग?

आपला किनारा अजून मुख्यतः मीटरमध्येच मोजला जातो. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, भरतीरेषेपासून ५०० मीटर मोकळे ठेवा म्हणून. त्यातून पुढे १९९१ची सीआरझेड अधिसूचना आली. तिच्यात ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरचा ना-विकास पट्टा होता. २०१९च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटरवर आणायची वाट मोकळी केली. कोकणात वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची अंडी गोळा करून कुंपणात जपतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळी माणसांच्या देखत पाण्याकडे सोडतात. तिथे दिव्याचा प्रश्न माणसांनीच पहारा देऊन टाळलाय. कुंपणाबाहेर राहून गेलेल्या घरट्यातलं पिल्लू मात्र रात्रीच वर येतं, आणि ५० मीटरवरच्या गॅलरीतली ट्यूबलाइट वाळूवरून सहज दिसते.