कानांनीं राखलेलें नाटक

रंगभूमीला पडदा लागतो, तसा चित्रपटालाहि लागतो. परंतु नाटकाचा एक प्रकार असा आहे, कीं ज्याला पडद्याची, दिव्यांची वा रंगभूषेची कसलीच गरज पडत नाहीं. तो प्रकार म्हणजे श्रुतिका. नट एका बंद खोलींत बोलतात, श्रोता दुसऱ्या एका बंद खोलींत ऐकतो, आणि नाटक घडतें तें श्रोत्याच्या मनांत. या नाटकाला घरगुती प्रपंच जितका मानवतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, कोणीं न पाहिलेल्या ग्रहगोलांचा आणि भविष्यकाळाचा विषय मानवतो. ज्या विज्ञाननाट्याला दूरचित्रवाणीनें पंधरा वर्षें दार बंद केलें, त्याला श्रोत्यांच्या कानांनीं जिवंत ठेविलें, हा इतिहास म्हणूनच मराठी घरांनींहि जाणून घेण्याजोगा आहे.

महाराष्ट्रांत या नाटकाची भूमि तयार झाली ती २३ जुलै १९२७ रोजीं. त्या दिवशीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. क्षेपणयंत्र अवघें दीड किलोवॅटचें होतें व त्याचा आवाज सुमारें तीस मैलांच्या टापूंत नीट ऐकूं येई. भिवंडी तालुक्यांतील मानकोली हें गांव मुंबईपासून सरळ रेषेनें पंचवीस मैलांच्या आंत आहे. म्हणजे खाडीपलीकडच्या या गांवावरूनहि मुंबईचा आवाज पहिल्या दिवसापासून जात होता. मात्र तो पकडणारें यंत्र आणि वर्षाला दहा रुपयांचा परवाना ही चैन मोजक्याच घरांना परवडणारी होती. पुढें १९३० सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें, सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि ८ जून १९३६ रोजीं या खात्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. मराठी माणूस त्याला नभोवाणी म्हणूं लागला.

केवळ ऐकून एखाद्या कथेंत आठवडेच्या आठवडे रमून जाणें ही गोष्ट मराठी घरांना परकी नाहीं. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, पुणें केंद्रावरून गीतरामायणास आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांचीं ५६ गीतें सुधीर फडके यांच्या संगीतांत वर्षभर क्रमानें ऐकविलीं गेलीं. वानरांनीं बांधलेला सेतु वा जळणारी लंका यांचें एकहि चित्र कोणीं दाखविलें नाहीं. तरी प्रत्येक घरानें आपापली लंका पाहिली. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेनें तर प्रभाकर जोशी, नीलम प्रभु आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांतून पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हीं माणसें अशीं उभीं केलीं, कीं तीं शेजारच्याच बिऱ्हाडांत राहतात असें श्रोत्यांस वाटावें. पौराणिक लंका आणि चाळींतील स्वयंपाकघर या दोहोंनाहि कानाच्या रंगभूमीवर सारखाच खर्च येतो. हें लक्षांत घेतलें, म्हणजे विज्ञानकथा या रंगभूमीकडे कां वळली, याचें नवल राहत नाहीं.

दिसत नाहीं ही उणीव नसून तेंच बळ आहे, हें श्रुतिकेच्या लेखकांनीं फार लवकर ओळखलें होतें. १५ जानेवारी १९२४ रोजीं लंडनहून रिचर्ड ह्यूज यांची एक छोटी नाटिका ध्वनिक्षेपित झाली. खास नभोवाणीसाठीं लिहिलेल्या पहिल्या नाटकांत तिची गणना होते. तिचें स्थळ म्हणजे दिवे विझलेली कोळशाची खाण. पात्रांनाहि दिसत नाहीं आणि श्रोत्यालाहि दिसत नाहीं; दोघेहि एकाच अंधारांत उभे! पुढें ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं अमेरिकेंत ऑर्सन वेल्स यांनीं एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या स्वारीची कथा बातमीपत्राच्या थाटांत ऐकविली. साऱ्या देशांत हाहाकार उडाला, असें दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं छापलें. त्या हाहाकारांत अतिशयोक्ति पुष्कळ होती, असें आजचे अभ्यासक सांगतात. तथापि नुसत्या आवाजानें मंगळावरचें यंत्र अंगणांत आणून उभें करतां येतें, ही गोष्ट त्या रात्रीं सिद्ध झाली. ब्रिटनमध्यें चार्ल्स चिल्टन यांची 'जर्नी इन्टु स्पेस' ही अंतराळप्रवासाची मालिका सप्टेंबर १९५३ मध्यें सुरू झाली. माणूस चंद्रावर पोहोंचण्यास तेव्हां सोळा वर्षांचा अवकाश होता; नभोवाणीचे श्रोते मात्र आधींच तेथें जाऊन आले होते.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. परग्रहावरचा एक प्रवासी, बाहेरून पोलिसांच्या खोक्यासारखें दिसणारें आणि आंतून प्रशस्त असें त्याचें कालयान, आणि त्यांतून भूत व भविष्यांत भ्रमंती, असा तिचा विषय. पैसा बेताचा असल्यामुळें देखावे पुष्कळदां पुठ्ठ्याचे असत. ध्वनीची बाजू मात्र पहिल्या दिवसापासून समर्थ होती. बी. बी. सी.नें १९५८ सालीं स्थापन केलेल्या ध्वनिप्रयोगशाळेंत डेलिया डर्बिशायर यांनीं रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकसंगीताला विद्युत्-ध्वनींचें रूप दिलें. कालयानाच्या उड्डाणाचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनीं कसा साधला, तें ऐकण्यासारखें आहे. एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून त्यांनीं घराची किल्ली घासली, आणि तो आवाज ध्वनिफितीवर फिरवून लांबविला. एक किल्ली व एक मोडका पियानो एवढ्या सामग्रीवर जें यान उडालें, तें साठ वर्षांनंतरहि त्याच आवाजानें उडत आहे.

परंतु या मालिकेवर एक मोठा घाला आला. १९६७ ते १९७८ या काळांत बी. बी. सी.नें जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पुसून टाकल्या वा नष्ट केल्या. फीत महाग होती, ठेवावयास जागा नव्हती, आणि जुनें नाटक पुन्हा कोण पाहणार, अशी त्या वेळची समजूत होती. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग आजहि गहाळ आहेत. नवल हें, कीं त्यांतील एकाहि भागाचा आवाज मात्र हरवलेला नाहीं. त्या काळीं कांहीं हौशी प्रेक्षक दूरचित्रवाणीपुढें ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून, मालिका चालू असतांना तिचा आवाज घरच्या घरीं टिपून घेत असत. यांत बहुतेक तरुण मुलें होतीं. संस्थेनें पुसलेलें घरांनीं जपलें! पुढें याच ध्वनिफितींना मूळ नटांच्या निवेदनाची जोड देऊन बी. बी. सी.नें त्या प्रसिद्ध केल्या, आणि दूरचित्रवाणीचें नाटक पुन्हा एकदां कानांनीं ऐकण्याचें नाटक झालें.

डिसेंबर १९८९ मध्यें ही मालिका थांबली. १९९६ सालीं पॉल मॅकगॅन यांना नायक करून एक चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला, परंतु त्यांतून मालिका पुढें चालली नाहीं. अशा वेळीं बिग फिनिश या छोट्या ब्रिटिश कंपनीनें बी. बी. सी.कडून परवाना मिळवून जुलै १९९९ मध्यें 'द सायरेन्स ऑफ टाइम' ही पहिली श्रुतिका तबकडीवर प्रसिद्ध केली. तींत पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय या तिघां पूर्वीच्या नायकांनीं आपापली भूमिका पुन्हा वठविली. कंपनी चालविणारे व लिहिणारे यांतील बरेचजण मूळचे या मालिकेचे रसिकच होते. महिन्यामागून महिना ही मुख्य माला चालू राहिली आणि मार्च २०२१ मध्यें तिचा २७५ वा व शेवटचा अंक निघाला. त्यानंतरहि नव्या मालांच्या रूपानें हें कार्य चालूच राहिलें.

या श्रुतिकांनीं नटांना जो न्याय दिला, तो विशेष उल्लेखनीय आहे. कॉलिन बेकर यांची पडद्यावरची कारकीर्द १९८४ ते १९८६ एवढीच. ती अर्ध्यावर तोडली गेली आणि टीकाहि त्यांच्या वांट्यास पुष्कळ आली. ध्वनिनाट्यांत तीच भूमिका त्यांनीं अशा जाणत्या व प्रेमळ स्वरांत उभी केली, कीं श्रोत्यांना त्यांच्याविषयींचें आपलें मत बदलावें लागलें. मॅकगॅन यांच्या वांट्यास पडद्यावर एकच रात्र आली होती. ध्वनिनाट्यांत त्यांना अनेक वर्षांचा प्रवास लाभला. टॉम बेकर यांनीं १९८१ सालीं सोडलेली भूमिका २०१२ सालीं, पंचाहत्तरी उलटल्यावर, आवाजांतून पुन्हा धारण केली. डोळ्यांना वय लपवितां येत नाहीं. आवाजापाशीं काळ पुष्कळ वेळां हरतो. कालप्रवाशाच्या कथेला याहून साजेसें साधन दुसरें कोणतें?

अशी श्रुतिका ऐकण्यांतील आनंद कोठें असतो, तें नीट पाहिलें पाहिजे. पडद्यावर परग्रह दाखवावयाचा, तर सुतार, रंगारी आणि पैसा लागतो. श्रुतिकेंत एक पाऊल वाळूऐवजीं कांचेवर पडल्याचा आवाज आला, कीं जमीन बदलली. दालन मोठें कीं लहान, तें बोलण्याच्या घुमण्यावरून कळतें. कोणी दूर गेला, तर त्याचा आवाज पातळ होतो. कोणी काहीं लपवीत असेल, तर त्याचा श्वास तें सांगून टाकतो. चांगला लेखक, पाहा, समोर केवढा मोठा राक्षस उभा आहे, असें पात्राच्या तोंडीं घालीत नाहीं. तो पात्राला वाक्याच्या मध्येंच थांबवितो. उरलेला राक्षस श्रोता स्वतःच्या भीतींतून तयार करतो. म्हणूनच अशीं नाटकें हातांतलें काम ठेवून, मंद दिव्यांत ऐकावीं. अर्धें लक्ष देणाऱ्याला यांत अर्धेंहि नाटक मिळत नाहीं.

२६ मार्च २००५ रोजीं 'डॉक्टर हू' दूरचित्रवाणीवर परतलें, तेव्हां या ध्वनिनाट्यांचें ऋण उघड दिसून आलें. त्याच वर्षींच्या 'डॅलेक' या गाजलेल्या भागाचें मूळ रॉबर्ट शिअरमन यांनींच लिहिलेल्या 'ज्युबिली' या २००३ सालच्या श्रुतिकेंत होतें. डॅलेक नांवाच्या यंत्रशत्रूंना नव्या मालिकेंत आवाज दिला तो निकोलस ब्रिग्ज यांनीं, जे ध्वनिनाट्यांत तेंच काम करीत आले होते. २०१३ सालीं मॅकगॅन एका छोट्या भागांत पडद्यावर परतले, तेव्हां मरणापूर्वीं त्यांनीं आपल्या सोबत्यांचीं नांवें उच्चारलीं. तीं सारीं नांवें श्रुतिकांतील पात्रांचीं होतीं. ज्यांना कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, अशा सोबत्यांना पडद्यानें त्या क्षणीं आपलें म्हटलें.

मराठींत विज्ञानकथेचें दालन समृद्ध आहे. १९६६ सालीं मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ सालच्या विज्ञानकथास्पर्धेंत डॉ. जयंत नारळीकर यांनीं टोपणनांवानें पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिलें पारितोषिक मिळालें, आणि कथालेखक नारळीकरांची ओळख मराठी वाचकांस झाली. अलीकडे विज्ञानकथा मराठी कानांपर्यंतहि मालिकेच्या रूपानें पोहोंचली आहे. २०१७ सालीं स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतांत आली. डॅनिअल ओबर्ग या स्वीडिश लेखकाची साथीच्या संहाराची मूळ मालिका स्टॉकहोम शहरांत घडते. तीच मराठींत 'व्हायरस पुणे' या नांवानें पुण्याच्या रस्त्यांवर घडूं लागली. ओळखीच्या पेठा निर्मनुष्य झाल्याचें ऐकतांना जो कांटा अंगावर येतो, तो परक्या शहराच्या वर्णनानें सहसा येत नाहीं. मानकोलीसारख्या गांवीं, जेथें आज महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत, तेथें ही मालिका ऐकावयास मोठें यंत्र नको, परवाना नको. खिशांतील फोन पुरतो. १९२७ सालीं जो आवाज गांवावरून निघून जात होता, तो आतां प्रत्येकाच्या कानांपर्यंत येऊं शकतो.

तथापि ऐकणें सोपें झालें, म्हणून जपणें आपोआप होतें असें नाहीं. चुंबकीय ध्वनिफीत कायमची टिकत नाहीं. ओल, बुरशी आणि काळ तिच्यावरील आवाज हळूहळू खाऊन टाकतात. अनेक मराठी घरांच्या माळ्यांवर नभोवाणीवरून टिपून घेतलेल्या जुन्या फिती अजून पडून असतील. त्यांवर कोणाची श्रुतिका आहे, कोणाचें भाषण आहे, हें त्या घरांनाहि विस्मरलेलें असेल. त्या वेळींच ऐकवून त्यांतील आवाज नव्या साधनांवर उतरवून घेतला, तर त्यांपैकीं कांहीं तरी उरेल. यंत्रापुढें श्वास रोखून बसलेल्या त्या ब्रिटिश मुलांना आपण एका संस्थेचा ठेवा राखीत आहोंत, याची कल्पनाहि नव्हती; त्यांना ती गोष्ट पुन्हा एकदां ऐकावयाची होती, इतकेंच.