कीचकाचा हात

चिखलदरा म्हणजे मूळचा कीचकदरा, असं आमच्याकडे लहान पोरही सांगतं. नृत्यशाळेत सैरंध्रीच्या जागी भीम अंधारात दबा धरून बसला, कीचकाने हात घातला तो भीमाला! मग त्याला इथल्या दरीत फेकून भीमाने भीमकुंडात हात धुतले. ही आख्यायिका, इतिहास नव्हे. पण प्रयोगशाळेतल्या 'ब्लॉकिंग पेप्टाइड'बद्दल वाचताना मला तीच आठवली.

१९५५ साली सिअ‍ॅटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी दाखवलं, की पेशीतल्या एका विकराला फॉस्फेट जोडलं की ते कामाला लागतं, काढलं की थंडावतं. निरोप पोचवायची पेशीची ही एक रीतच निघाली (नोबेल १९९२). फॉस्फेट जोडणारी विकरं म्हणजे कायनेज. माणसात ती पाचशेहून जास्त, आणि तोंडावळ्याने सख्खी भावंडं. त्यातलं नेमकं एक ओळखायचं, तर त्याचा लहानसा तुकडा सशाला टोचून प्रतिपिंड मिळवतात. पण त्या प्रतिपिंडाने थोरल्याऐवजी धाकट्याला धरलं तर?

इथे भीम येतो. तोच तुकडा कृत्रिमरीत्या बनवून प्रतिपिंडात आधीच भरपूर मिसळायचा. त्याचे हात त्यातच अडकतात. मग एरवी उमटणारा पट्टा नाहीसा झाला, तर तो त्या तुकड्याशी जुळणाऱ्या पकडीमुळेच उमटत होता असं समजायचं.

असे तुकडे बनवणं सोपं केलं ब्रूस मेरिफिल्ड यांनी, १९६३ मध्ये. पहिलं अमिनो आम्ल प्लास्टिकच्या बारीक मण्याला घट्ट बांधायचं, त्यावर एकेक ओवत जायचं, दर वेळी उरलंसुरलं धुऊन टाकायचं. गजराच म्हणा ना! १९६९ मध्ये त्यांनी १२४ अमिनो आम्लांचं अख्खं विकर ओवलं. १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. गंमत म्हणजे त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल प्रतिपिंडवाल्यांना, म्हणजे येर्ने, कोलर आणि मिलस्टाइन यांना होतं.

पण माझ्या मते या परीक्षेवर लोक फार लवकर भाळतात. हात भरले की योग्य तेही सुटतं आणि चुकून धरलेलं तेही! पट्टा गेला एवढ्याने ओळख पटत नाही.

याची किंमत केवढी? कर्करोगाच्या रुग्णांना रक्त वाढावं म्हणून एरिथ्रोपोएटिन देतात. त्याने गाठही वाढेल का, ही धास्ती होती. गाठीत त्याचा ग्राहक आहे, असं अनेक शोधनिबंधांनी एका प्रतिपिंडाच्या भरवशावर सांगितलं. २००६ मध्ये उघड झालं, की तो प्रतिपिंड 'हीट शॉक ७०' नावाच्या भलत्याच प्रथिनालाही धरत होता. रुग्णाला काय सांगायचं, ते अशा पट्ट्यावर ठरणार होतं!

जास्त खात्रीचा मार्ग म्हणजे ते प्रथिन बनवणारं जनुकच पेशीतून काढायचं आणि मग पट्टा उमटतो का ते बघायचं. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. त्यांवर प्रतिपिंड लावणाऱ्या पोरांनी एवढा खटाटोप करावा. वेळ जातो, पैसा जातो, पण करावा.