अंधार पडला म्हणून तहकूब झालेली सभा

सॉक्रेटिस म्हटले की आपल्याला विषाचा प्याला आठवतो. इ.स.पू. ३९९ मधला तो खटला मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असतो. त्याच्या सात वर्षे आधी अथेन्समध्ये आणखी एक खटला झाला. त्यात सॉक्रेटिस आरोपी नव्हता, कामकाज चालवणाऱ्यांपैकी एक होता. मला ग्रीक येत नाही. अनुवादांवरच माझा अभ्यास चालतो. पण झेनोफॉनचा ‘हेलेनिका’ हा इतिहास जेव्हा जेव्हा हाती घेतला, तेव्हा तेव्हा या खटल्यापाशी अडखळलो.

इ.स.पू. ४०६. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती. अथेन्सचा सेनापती कोनोन लेस्बॉस बेटावर मितिलीनी बंदरात कोंडला गेला होता. त्याला सोडवण्यासाठी अथेन्सने तीस दिवसांत ११० जहाजे सज्ज केली आणि वल्ही मारायला नागरिकांबरोबर गुलामांनाही चढवले. मित्रांची जहाजे मिळून आरमार दीडशेच्या वर गेले. लेस्बॉस आणि आशिया मायनरचा किनारा यांच्यामधल्या आर्गिन्युसी बेटांजवळ लढाई झाली. स्पार्टाच्या बाजूची सत्तरएक जहाजे गेली, त्यांचा नौसेनापती कॅलिक्रॅटिडस समुद्रात नाहीसा झाला. अथेन्सची २५ जहाजे गेली. एका जहाजावर सुमारे दोनशे माणसे असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या २५ या आकड्याचे वजन कळते.

फुटक्या जहाजांना धरून तरंगणाऱ्यांना वाचवण्यासाठी ४७ जहाजे नेमली गेली. ते काम थेरामेनीज, थ्रासिब्युलस आणि आणखी काही नौकाधिपतींकडे सोपवले होते. तेवढ्यात वादळ उठले. जहाजे निघालीच नाहीत आणि माणसे बुडाली.

ग्रीकांच्या दृष्टीने प्रेताला मूठभर माती न मिळणे हा केवळ दुःखाचा नव्हे, धर्माचा प्रश्न होता. सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ याच शहराच्या रंगभूमीवरची. विजयाची बातमी आली तेव्हा अनेक घरांत आनंदापेक्षा हा सल मोठा होता.

आठ सेनापतींना पदावरून काढून परत बोलावण्यात आले. दोघे आलेच नाहीत. सहा आले, त्यांत थोर पेरिक्लीजचा त्याच नावाचा मुलगा होता. आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा कायदा पेरिक्लीजनेच केला होता. साथीत औरस मुले गेल्यावर अ‍ॅस्पेशियापासून झालेल्या या मुलाला त्याने लोकांपुढे याचना करून नागरिकत्व मिळवून दिले होते.

सभेत थेरामेनीजच सेनापतींवर आरोप करायला पुढे आला. सेनापतींनी आपल्या पत्रात केवळ वादळाला दोष दिला होता, त्याचे नाव घेतले नव्हते. आताही वादळच कारण, असे ते म्हणाले आणि खलाशांना साक्षीला आणले. सभेला ते पटू लागले. अनेकजण जामीन राहायला उठले. पण उशीर झाला होता. अंधारात वर केलेले हात मोजता येईनात, म्हणून सभा तहकूब झाली.

रात्र गेली की राग निवतो, असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले. मधल्या दिवसांत अपातुरिया हा सण आला. या सणाला भाऊबंद एकत्र जमत, आणि जमल्यावर कोण नाही हे दिसते. झेनोफॉन सांगतो की, थेरामेनीजच्या लोकांनी काळी वस्त्रे घातलेल्या, डोकी भादरलेल्या माणसांना मृतांचे आप्त म्हणून पुढच्या सभेत आणले. पिठाच्या पिंपावर तरंगत वाचलेला एकजणही उभा राहिला. सेनापतींनी आम्हाला वाचवले नाही हे अथेन्सला जाऊन सांग, असे बुडणाऱ्यांनी आपल्याला बजावल्याचे त्याने सांगितले.

कॅलिक्झेनसने ठराव मांडला : दोन्ही बाजू मागच्या सभेत ऐकून झाल्या आहेत, आता एकाच मतदानात सर्वांचा निकाल लावा. युरिप्टॉलेमस या पेरिक्लीजच्या नातेवाइकाने हे बेकायदा असल्याची हरकत घेतली. प्रत्येकाला वेगळा दिवस द्या, वेगळे ऐका, एवढीच त्याची मागणी होती. लोकांना हवे ते करू न देणे हाच अन्याय, असा गदारोळ उठला. हरकत घेणाऱ्यांचाही याच मतदानात निकाल लावू, अशी धमकी आली. त्याने हरकत मागे घेतली.

सभेचे कामकाज पाहणारे पन्नास सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडलेले असत. त्या महिन्यात पाळी सॉक्रेटिसच्या अँटिओकिस या गटाची होती. बेकायदा ठराव मताला टाकणार नाही, असे काहीजण म्हणाले. धमकी मिळताच सारे नमले. सॉक्रेटिस नमला नाही. तो त्या दिवशीचा अध्यक्ष होता, असे झेनोफॉन दुसऱ्या ग्रंथात म्हणतो. ‘हेलेनिका’त मात्र तो पन्नासांतला एक आहे. नकाराबाबत झेनोफॉन आणि प्लेटो या दोघांचे एकमत आहे.

त्याच्या नकाराने निकाल बदलला नाही. युरिप्टॉलेमसने पुन्हा वेगवेगळ्या सुनावणीची मागणी मांडली. आधी हात तिच्या बाजूने पडले, पण आक्षेप आला आणि दुसऱ्या मोजणीत ती हरली. हाती असलेल्या सहाजणांना मृत्युदंड झाला. वर्षभरात अथेन्सचे आरमार ईगोस्पोटामी येथे नष्ट झाले, इ.स.पू. ४०४ मध्ये शहर शरण गेले. लोकांना पश्चात्ताप झाला. कॅलिक्झेनस सर्वांचा तिरस्कार सोसत उपासमारीने मेला. थेरामेनीज तीस हुकूमशहांपैकी एक झाला. त्याच्याच सहकाऱ्याने, क्रिटियसने, त्याचे नाव यादीतून खोडून त्याला रीतसर मतदानाशिवाय मृत्यूकडे धाडले. तेव्हा, क्रिटियसच्या मर्जीने नव्हे तर कायद्याने माझा निवाडा करा, अशी विनवणी त्याने केली.

जमावाचे दुःख खोटे होते म्हणून हा अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. काळ्या वस्त्रांतली काही माणसे नाटकी असतील. बुडालेली माणसे खरी होती. दुःख खरे असते तेव्हाच कायद्याच्या वेगवेगळ्या सुनावणीची सर्वांत जास्त गरज असते आणि तेव्हाच ती सर्वांत जास्त जाचते. सॉक्रेटिसने त्या दिवशी सेनापती निर्दोष आहेत, असे म्हटल्याची नोंद नाही. त्याने एवढेच म्हटले की, हे असे करता येणार नाही.

सात वर्षांनी स्वतःच्या खटल्यात त्याने या दिवसाची आठवण ज्यूरींना करून दिली. मृत्युदंडाचे खटले इतर काही ठिकाणांप्रमाणे एका दिवसात न संपवता अनेक दिवस चालवण्याचा कायदा इथे असता, तर तुमची खात्री पटली असती, असेही तो म्हणाला. त्याचा निकाल त्याच दिवशी लागला.