पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला

शीळफाट्यावर उतरून शाळेत येणाऱ्यांना ती जाडजूड पाइपलाइन आठवत असेलच. तिच्यावरून न पडता चालायच्या पैजा आपण लावल्या आहेत. ती बदलापूरकडून येते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांकडे जाते, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. आमच्या घरी नळ नव्हता. एप्रिलमध्ये विहीर आटली की व्हॉल्व्हमधून झिरपणाऱ्या पाण्याखाली हंड्यांची रांग लागे. आईबरोबर मीही रांगेत असायचो. पहिल्या तासाला उशीर का होतो, हे मात्र वर्गात सांगायची लाज वाटे.

नववीत भूगोलाच्या सरांनी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्राची भेट ठरवली. दुसरी तुकडी घारापुरीला निघाली होती, त्यामुळे आपली तोंडं पडली होती. एसटी काटईहून वळली तशी पाइपलाइन सोबतीला आली. उजवीकडे मलंगगड. सरांनी गाडीतच तास घेतला. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं. कारखान्यांना पाणी हवं म्हणून बारवी नदीवर धरण बांधलं, ते 1972 मध्ये पूर्ण झालं. बारवीचं पाणी उल्हासला मिळतं आणि जांभूळला उचललं जातं. उल्हासमध्ये भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणीही असतं. म्हणजे घाटमाथ्यावरचं, एरवी पूर्वेला वाहून गेलं असतं ते पाणी, वीज करून आपल्याकडे येतं. हे ऐकून मी पहिल्यांदा खिडकीतून त्या पाइपकडे नीट पाहिलं.

केंद्रात प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांपुढे आपण सगळे गर्दी करून उभे होतो. गढूळ पाणी तेच, तुरटी प्रत्येकात कमीजास्त. पाती फिरायची थांबली आणि एका भांड्यात गाळाचे कापसासारखे पुंजके झरझर खाली बसले. त्या दिवशीचा तुरटीचा डोस त्यावरून ठरायचा. बाहेर मोठ्या टाक्यांत तेच चालू होतं. पुढे वाळूचे थर, मग क्लोरीन. वाळू धुताना पाणी खालून वर उसळलं तेव्हा मुली किंचाळल्या होत्या.

तिथल्या एका कामगाराला मी विचारलं, "हे पाणी आमच्या गावावरून जातं, मग आम्हाला का नाही?" सर गप्प झाले. कामगार म्हणाला, "बाळा, माझी शेती धरणात गेली. माझ्या घरीही नळ नाही." पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. 2019 च्या पावसाळ्यात ते नव्या उंचीपर्यंत भरलं आणि मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघरसारख्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा तो माणूस आठवला. आता माझ्या नातवंडांना नळ सोडून दुसरं काही माहीत नाही. इमारतीत अर्धा दिवस पाणी आलं नाही तर मीसुद्धा चिडतो, हेही खरं.

त्या दिवशी वॉटरबॅगमध्ये मी शुद्ध केलेलं पाणी भरून आणलं. शास्त्रज्ञाच्या थाटात आईला तुरटी, वाळू, क्लोरीन सगळं समजावलं आणि पेला पुढे केला. तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"ह्या त आपले पायपाचाच पानी," ती म्हणाली आणि रिकामा हंडा माझ्या हातात दिला.