अणुभट्टीची शाळा

यंत्र विकत घेता येते. ते जाणणारा माणूस विकत घेता येत नाही. विसाव्या शतकात ज्या ज्या देशांनी अणुशक्तीची विद्या हस्तगत केली, त्या सर्वांना हा धडा केव्हा ना केव्हा गिरवावाच लागला. ही विद्या विद्यापीठाच्या आवारातच जन्मास आली. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी जगातील पहिली अणुभट्टी चालविली, ती शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणावरील प्रेक्षकांच्या सज्जाखाली. परंतु पुढे तिने विद्यापीठातच नांदावे की तिच्यासाठी निराळे घर बांधावे, हा प्रश्न अनेक देशांपुढे उभा राहिला. भारतात त्याची दोन उत्तरे दिली गेली आणि ती देणारे दोघेही पुरुष असामान्य होते.

पहिले मेघनाद साहा. युरेनियमच्या अणूचे विभाजन होते हे जगाला कळून जेमतेम वर्ष उलटले असेल-नसेल, तोच १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या एम. एस्सी. अभ्यासक्रमात अणुकेंद्राच्या भौतिकीला स्थान दिले. १९५० मध्ये त्यांच्या खटपटीने कलकत्त्यास या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तिचे उद्घाटन इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. ही संस्था विद्यापीठाशी बांधलेलीच राहावी, यावर साहांचा कटाक्ष होता. नवे विज्ञान विद्यार्थ्यांच्या सहवासात वाढले तरच ते देशात रुजते, गुप्ततेच्या भिंतींआड ते खुरटते, अशी त्यांची धारणा होती. लोकसभेचे सदस्य या नात्याने १९५४ मध्ये त्यांनी ती सभागृहातही मांडली.

दुसरे होमी भाभा. १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीस लिहिलेल्या पत्रात, दोनएक दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला परदेशी तज्ज्ञांकडे पाहावे लागू नये, ते घरीच सिद्ध असावेत, अशी आकांक्षा त्यांनी प्रकट केली. हिरोशिमाचा संहार त्या वेळी सव्वा वर्षाहून अधिक दूर होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या पत्रातील दूरदृष्टीची कल्पना येते. चतुर शेतकरी पेरणीच्या आधीच बियाणे राखून ठेवतो, तसाच हा विचार होता. मात्र हे बियाणे विद्यापीठांच्या जुन्या वाफ्यांत न लावता स्वतंत्र संस्थेत वाढवावे, हा भाभांचा मार्ग होता.

शासनाचे बळ भाभांच्या मार्गाला लाभले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी, १९५७ च्या ऑगस्टात, तेथे प्रशिक्षणशाळेचा पहिला वर्ग भरला. देशभरच्या महाविद्यालयांतून पदवीधर निवडावयाचे, त्यांना विद्यावेतन देऊन वर्षभर शिकवावयाचे आणि नंतर थेट कामावर घ्यावयाचे, अशी तिची पद्धत होती. शिकविणारे बहुतेक स्वतः संशोधन करणारेच होते. अभियंत्याला न्यूट्रॉनाची वर्तणूक कळली पाहिजे आणि भौतिकीच्या पदवीधराला नळ, झडपा व पंप कळले पाहिजेत, कारण भट्टीत विज्ञान आणि यंत्र यांची फारकत करून चालत नाही. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन अनिल काकोडकर १९६३ मध्ये याच शाळेत दाखल झाले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ या १०० मेगावॅट औष्णिक शक्तीच्या भट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

या विद्येची खरी कसोटी मात्र कल्पाक्कमला लागली. शीघ्र प्रजनक भट्टीत न्यूट्रॉनांचा वेग मंदावू द्यावयाचा नसतो. म्हणून उष्णता वाहून नेण्यास पाणी चालत नाही, वितळलेले सोडियम खेळवावे लागते. हे सोडियम हवेत पेट घेते आणि पाण्याशी गाठ पडताच उसळून उठते. भट्टीचा मूळ आराखडा फ्रान्सच्या साहाय्याने झाला होता आणि भारतीय अभियंते त्यासाठी तेथे शिकूनही आले होते. पण १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर समृद्ध युरेनियम बाहेरून मिळण्याची आशा मावळली. तेव्हा प्लुटोनियम व युरेनियम यांच्या कार्बाइडचे इंधन तुर्भे येथेच तयार करण्यात आले. अशा इंधनाचा अनुभव जगात फारसा कोणाच्या गाठी नव्हता. त्याच इंधनावर १८ ऑक्टोबर १९८५ रोजी भट्टी सुरू झाली. १९८७ मध्ये इंधन हलविताना आतील यंत्रणेला मोठी इजा झाली आणि ती निस्तरण्यात सुमारे दोन वर्षे गेली. अपारदर्शक सोडियमखाली वाकलेला भाग शोधून कापून काढण्याची विद्या कोणत्याच ग्रंथात नव्हती. ती तेथेच शिकावी लागली.

हे यश भाभांच्या मार्गाचे खरे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. उत्तम विद्यार्थी आणि उत्तम साधने संशोधनसंस्थांकडे गेली, आणि कानपूरच्या आयआयटीसारखे अपवाद सोडले तर बहुसंख्य विद्यापीठांत हा विषय पुस्तकापुरताच उरला. ज्या महाविद्यालयांतून तुर्भ्याला विद्यार्थी मिळावयाचे, त्यांच्याकडे परत वळणारा ज्ञानाचा ओघ मात्र क्षीणच राहिला. साहांची भीती अनाठायी नव्हती, असेच म्हणावे लागते.

२००५ मध्ये अणुशक्ती विभागातील अनेक संस्था मिळून होमी भाभा राष्ट्रीय संस्था ही अभिमत विद्यापीठ म्हणून स्थापन झाली. त्या वेळी अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षपदी प्रशिक्षणशाळेचेच विद्यार्थी काकोडकर होते. विद्यापीठाबाहेर घर करून राहिलेल्या विद्येला अखेर स्वतःलाच विद्यापीठ व्हावे लागले. आणि भाभांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या घटक संस्थांत कलकत्त्याची ती संस्थाही आहे, जिला आज मेघनाद साहांचे नाव आहे.