फासे टाकणारा वृक्ष

डावीकडे लहान, उजवीकडे मोठे: बायनरी सर्च ट्री या शोधवृक्षाचा नियम एवढाच. नोंदी विस्कळीत क्रमाने येत राहिल्या, तर १० लाख नोंदींच्या वृक्षात हवी ती नोंद सरासरी २५ ते ३० तुलनांत सापडते. त्याच नोंदी वर्णानुक्रमे लावून दिल्या, तर प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीच्या उजवीकडे लटकत जाते, वृक्षाची साखळी होते आणि शोधाला सरासरी ५ लाख तुलना लागतात. दुर्दैव असे, की माणसे नोंदी लावूनच ठेवतात. हजेरीपट, मतदारयाद्या, वेळेनुसार साठत जाणारी प्रयोगशाळेतील मोजमापे, सारे आधीच क्रमाने असते.

या अडचणीवर १९६२ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी शिस्तीचा उपाय सुचवला. दोन्ही बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडला, की फांद्या फिरवून तोल सावरायचा. हाच एव्हीएल वृक्ष. १९७८ मध्ये गिबास आणि सेजविक यांनी लाल-काळ्या वृक्षाची मांडणी केली. दोन्ही उपाय पक्के आहेत. मात्र नोंद काढून टाकताना उद्भवणारी प्रकरणे इतकी, की परीक्षेआधी ती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या.

दुसरा मार्ग विश्वासाचा होता. त्याच १९६२ साली हिबार्ड यांनी सिद्ध केले, की यादृच्छिक क्रमाने वाढलेल्या वृक्षातून एक यादृच्छिक नोंद काढली, तरी उरलेला वृक्ष यादृच्छिकच राहतो. यावरून अनेकांनी सोयीस्कर निष्कर्ष काढला, की भरणे आणि काढणे आलटून पालटून कितीही चालले, तरी वृक्षाचे काही बिघडत नाही. या समजुतीला १९७५ मध्ये नॉट यांनी स्टॅनफर्डच्या प्रबंधात तडा दिला. काढल्यानंतर पुन्हा एक नोंद भरली, की यादृच्छिकता भंगते. १९८३ मध्ये जेफ्री एपिंगर यांनी संगणकावर प्रयोग करून पाहिले, तेव्हा असे दिसले, की वृक्ष आधी किंचित सुधारतो आणि पुढे दीर्घकाळ बिघडत जातो. कारण काढण्याच्या रीतीतच एका बाजूचा पक्षपात होता. सिद्धतेच्या एका पायरीपुढे लोक न तपासता चालत गेले होते, आणि हे ध्यानी यायला १३ वर्षे लागली.

१९८९ मध्ये सिसिलिया अ‍ॅरागॉन आणि रायमुंड सायडेल यांनी प्रश्नच उलटा केला. नोंदी यादृच्छिक येतील अशी आशा कशाला धरायची? फासे प्रोग्रॅमनेच टाकावेत. प्रत्येक नोंदीला एक यादृच्छिक प्राधान्यांक द्यायचा. मूल्यांच्या बाबतीत डावे-उजवे पाळायचे आणि प्राधान्यांकाच्या बाबतीत श्रेष्ठ तो वर, म्हणजे हीप या रचनेचा नियम पाळायचा. ट्री आणि हीप यांच्या संयोगातून ‘ट्रीप’ हे नाव झाले. अशा वृक्षाचा आकार नोंदी प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने आल्या यावर मुळीच अवलंबून नसतो. जणू त्या प्राधान्यांकाच्या क्रमानेच आल्या होत्या, असा तो घडतो. वर्णानुक्रमाची यादी दिली तरी आत पत्ते पिसलेलेच असतात. एका भरतीमागे फांद्या सरासरी दोनहून कमी वेळा फिरवाव्या लागतात. नोंद काढताना ती फिरवत तळाशी न्यायची आणि खुडायची. उरलेला वृक्ष ती नोंद कधी आलीच नव्हती असा असतो. हिबार्डच्या रीतीत जे हरवले, ते येथे सहज साधते.

अ‍ॅरागॉन तेव्हा बर्कली येथे होत्या. पुढे त्यांनी डॉक्टरेट अर्धी सोडली, हवाई कसरतींच्या वैमानिक म्हणून अमेरिकेच्या संघात स्थान मिळवले आणि २००४ मध्ये बर्कलीतूनच डॉक्टरेट पूर्ण केली. भारतातील अनेक विद्यार्थ्यांना ट्रीपची ओळख झाली ती मात्र १९९५ च्या ‘रँडमाइज्ड अल्गोरिदम्स’ या पाठ्यपुस्तकातून. आयआयटी कानपूरचे राजीव मोटवानी आणि आयआयटी मद्रासचे प्रभाकर राघवन हे त्याचे लेखक. दोघांचीही डॉक्टरेट बर्कलीची. १९९८ मध्ये बार्सिलोनाच्या मार्टिनेझ आणि रौरा यांनी प्राधान्यांकही वगळला. n नोंदींच्या उपवृक्षात नवी नोंद १/(n+1) इतक्या संभाव्यतेने मुळाशी बसवायची, नाहीतर एक पायरी खाली उतरून पुन्हा फासा टाकायचा. यासाठी प्रत्येक उपवृक्षातील नोंदींची संख्या जपावी लागते, आणि तिच्यामुळे क्रमाने ५०० वी नोंद कोणती, याचेही उत्तर झटकन मिळते.

कागदावरील हे फासे सी भाषेत उतरवताना खरी कसोटी लागते. सीच्या प्रमाणित लायब्ररीत शोधवृक्ष नाही. तो कोणाच्या तरी लायब्ररीतून घ्यावा लागतो, आणि तिचे फासे पुष्कळदा सीच्याच ‘रँड’ या फंक्शनचे असतात. प्रमाणानुसार ते किमान ० ते ३२,७६७ एवढेच अंक देण्यास बांधील आहे. तेवढेच मिळाले, तर १० लाख नोंदींत सरासरी ३० जणींचा प्राधान्यांक एकच. एवढ्याने वृक्ष कोसळत नाही, थोडा झुकतो. गंभीर गोष्ट वेगळी आहे. ‘एसरँड’ने बीज दिले नाही, तर रँड दर वेळी बीज १ धरूनच सुरू होते, म्हणजे फासे रोज त्याच क्रमाने पडतात. पुढचे प्राधान्यांक ज्याला ठाऊक आहेत, तो प्रत्येक भरतीला त्या प्राधान्यांकाच्याच क्रमात बसेल असे मूल्य निवडतो. दोन्ही क्रम जुळले, की ट्रीपचीही साखळी होते.

ही भीती केवळ कल्पनेतील नाही. २००३ मध्ये राइस विद्यापीठातील क्रॉसबी आणि वॉलक यांनी मुद्दाम निवडलेल्या नोंदी पाठवून ब्रो ही घुसखोरी शोधणारी यंत्रणा लोळवून दाखवली, तीही डायल-अप मोडेमला पुरेल एवढ्याच वेगाने. तेथे बळी पडले ते हॅश टेबल. पण त्याच शोधनिबंधात बेतोल बायनरी वृक्षांचाही समावेश होता. ओपनबीएसडीने बीज मागावे न लागणारे ‘एआरसी४रँडम’ हे फंक्शन १९९० च्या दशकातच आणले होते. लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररीत ते २०२२ मध्ये, २.३६ या आवृत्तीत दाखल झाले.